बाळ पोटभर खातंय तरी वजन वाढत नाही? या चुका टाळा

मेळघाट घ्या, धडगाव-अक्कलकुवा घ्या नाहीतर जव्हार-मोखाडा, अंगणवाडीत वजनाच्या दिवशी हे हमखास ऐकू येतं, "ताई, खातं तर पोटभर, मग वजन का नाही वाढत?" आणि आई खोटं बोलत नसते. पोट भरतं खरंच, पण पाण्याने.

पातळ पेज, वरणाचं वरचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्कीट. इथेच सगळा घोळ आहे. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं, म्हणजे 7 किलोच्या बाळाला जेमतेम 200 मिली, मग तेवढी जागा पेजेच्या पाण्यानेच भरली तर डाळ-भात जाणार कुठे? चमचा तिरका केला की लगेच ओघळणार नाही इतकं घट्ट द्या, वर छोटा चमचाभर तेल किंवा बारीक शेंगदाण्याचा कूट. घट्ट गिळत नाही म्हणून लोक पाणी वाढवतात, त्यापेक्षा नाचणी नाहीतर ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून दळून ठेवा, आणि घट्ट लापशी गॅसवर (किंवा चुलीवर) असतानाच त्यातलं चमचाभर पीठ टाकून दोन-चार मिनिटं शिजवा. पाणी न घालता लापशी सैल होते. पैसा जवळपास शून्य, तरी हे फार कमी जणींना कुणी सांगितलेलं असतं.

दुसरं म्हणजे वेळ. सहा महिने पूर्ण होईपर्यंत फक्त आईचं दूध, गुटी-पाणी नको, आणि मध तर वर्षाच्या आत चाटवूच नका, त्यातून बॉट्युलिझम (जंतूंच्या विषाने अंग लुळं पडणारा जीवघेणा आजार) होऊ शकतो. उलटी चूक पण होतेच, मामा ऊसतोडीला गेलाय, तो आल्यावर उष्टावण करू म्हणत बाळ आठ-नऊ महिन्यांचं होतं. मुहूर्त नंतर करा हो, वाटी आधी सुरू करा!

6 ते 8 महिन्यांत दिवसाला दोन-तीनदा, 9 महिन्यांपासून तीन-चारदा आणि मधे एक-दोनदा काहीतरी खाऊ. आई दिवसभर फडात आणि बाळ सात वर्षांच्या ताईकडे, अशात हे कसं जमणार, बरोबर आहे, त्यात आईला दोष देण्यात अर्थ नाही. भाजलेल्या ज्वारी-मूगडाळीचं पीठ डब्यात ठेवलं तर उकळलेल्या पाण्यात कालवून पटकन होतं. बाळाची वाटी मात्र वेगळी ठेवा, एका ताटात मोठी भावंडं कधी संपवतात कळत पण नाही. अंगणवाडीतून बाळासाठी मिळणारं आहाराचं पाकीट पण असंच घरभर वाटलं जातं.

बाटली नकोच, नीट उकळणं होत नाही आणि मग हगवण. वाटी-चमचा बरा. हगवण लागली की "पोटाला आराम" म्हणून खाणं बंद करतात, ते करू नका, अंगावरचं दूध आणि खाणं चालू ठेवा, सोबत ओआरएस आणि 14 दिवस झिंक (सहा महिन्यांच्या पुढे रोज 20 मिग्रॅ, आत 10). बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्तीचं.

एवढं करूनही फरक नाही तर आशाताईंकडून बाळाच्या दंडाचा घेर पट्टीने मोजून घ्या. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाचा दंड 11.5 सेंमीपेक्षा कमी भरला तर घरचे उपाय पुरणार नाहीत, लगेच आरोग्य केंद्र गाठा. दोन्ही पायांवर सूज असेल, अंगठा दाबून काढल्यावर खड्डा राहत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना, मग बाळ गुटगुटीत दिसो की काट्यावर वजन बरं येवो, कारण ते वजन सुजेचं असतं.