भिंतीवर ‘रामदास’ दाखवताय? या चुका टाळा

खान्देशाला समुद्र नाही. म्हणून काय झालं, रामदास बोटीची गोष्ट ॲनिमेशन करून अमळनेरच्या किंवा चोपड्याच्या भिंतीवर प्रोजेक्टरने खुशाल दाखवा. फक्त बोट रात्री बुडवू नका.

स्क्रिप्ट लिहायला बसलं की काळीकुट्ट रात्र आणि विजा आपोआप येतात. प्रत्यक्षात १७ जुलै १९४७ रोजी रामदास ही प्रवासी बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसकडे निघाली ती सकाळी आठच्या सुमारास, आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ बुडाली. गटारी अमावास्येला गावी निघालेले चाकरमानी, सहाशेहून अधिक माणसं गेली.

रात्र दाखवणं दुसऱ्याही कारणाने अंगाशी येतं. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळं म्हणजे उजेड न पडलेली भिंत. चौकात हायमास्टचा उंच दिवा चालू असेल तर तुमचा काळा समुद्र मातकट दिसतो आणि त्यातून भिंतीवरची जुनी सिमेंटची जाहिरात डोकावते. त्यापेक्षा पावसाळी सकाळ रंगवा: फिकट आभाळ, जरा गडद पाणी, पांढरा फेस, बोटीची ठळक कड.

बोट मधोमध तोडूही नका, ते टायटॅनिकचं. इथे लाट आत आली, माणसं एका बाजूला लोटली गेली आणि बोट कलंडली. बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे मुंबईला दुपार उलटेपर्यंत पत्ताच नव्हता. बुडण्यावरच सगळी मिनिटं न घालवता हे दाखवा: धक्क्यावरचं घड्याळ पुढे सरकतंय, कामं नेहमीसारखी चाललीत. रेवसकडच्या मच्छीमारांनी कितीतरी जणांना वाचवलं, तेही सुटू नये.

बोटीचा आकार प्रेक्षकाला समजत नाही. १७९ फूट म्हणजे पाच एसटी एकामागे एक. हे एकदा काढून दाखवा, पुढचं त्यांना कळतं.

भिंत ऑइलपेंटची नको, मधोमध चकाकते. झेडपी शाळेची चुन्याची भिंत उत्तम. चित्र फिकं वाटलं की लोक थेट मोठा प्रोजेक्टर भाड्याने आणतात. आधी आहे तोच पुढे घ्या. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो.

स्मृतिदिनाचा हट्ट सोडा. जुलैत पाऊस, शिवाय नीट अंधार पडायला पावणेआठ होतात. मार्गशीर्षात साडेसहालाच सुरू करता येतं.

जनरेटर इमारतीमागे, वारा ज्या दिशेला जातो तिकडे ठेवा, नाहीतर लाटांचा आवाज ऐकूच येणार नाही. निवेदन अहिराणीत असलं तर लोक जास्त वेळ थांबतात. प्रवाशांच्या तोंडी मात्र अहिराणी घालू नका. ती माणसं कोकणची, त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या, आणि त्यासाठी आवाज द्यायला अलिबागकडचंच कुणीतरी शोधा.