वॉरंटी संपली आणि इंजिन बसलं? खोलायला सही द्यायच्या आधी हे वाचा

वॉरंटी म्हणजे अमुक वर्षं किंवा अमुक किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. त्यामुळे ज्याचं रनिंग जास्त आहे त्याची वॉरंटी कागदावरची वर्षं पूर्ण व्हायच्या कितीतरी आधीच संपलेली असते आणि हे त्याला बरेचदा इंजिन गेल्यावरच कळतं. काउंटरवरचा अ‍ॅडव्हायझर सिस्टिममध्ये बघतो, "सर, वॉरंटी संपलीये" म्हणतो आणि लाखाच्या वरचं एस्टिमेट पुढे सरकवतो. बरेच जण तिथेच गळून जातात आणि सही करतात. थांबा जरा. वॉरंटी संपली म्हणून सगळे रस्ते बंद होत नाहीत, फक्त आता दोष गाडीचा होता हे तुम्हाला दाखवावं लागतं, आणि त्याचा पुरावा इंजिनच्या पोटात असतो, तो एकदा खोलून धुऊन पुसून भंगारात गेला की कुणीच काही करू शकत नाही.

आधी रस्त्यावरचं बोलू. ऑइलचा लाल दिवा लागला, टेम्परेचरचा काटा वर गेला किंवा खडखड आवाज येऊन गाडी बंद पडली, तर परत परत सेल्फ मारायचा नाही. टायमिंग बेल्ट तुटला असेल तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हला धडकतो, ऑइल प्रेशर नसेल तर बेअरिंग क्रँकला चिकटतात, आणि पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, म्हणजे प्रत्येक सेल्फला खर्च वाढतो. शिवाय नंतर कंपनी हमखास म्हणते की दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवली. म्हणून जागेवरच मीटरचा फोटो काढा, किलोमीटर आणि पेटलेले दिवे दिसतील असा, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढून ऑइलच्या लेव्हलचा फोटो घ्या, आणि गाडी टो करूनच न्या.

मग घरी बसून फाइल काढा. सगळी सर्व्हिसची बिलं, सगळी जॉब कार्ड (गाडी वर्कशॉपला देताना तक्रारी आणि कामं लिहितात तो कागद). नसतील तर डीलरकडून सर्व्हिस हिस्टरी मागून घ्या. यात शोधायचं काय, तर वॉरंटी चालू असताना तुम्ही केलेली तक्रार. "ऑइल कमी होतंय", "थंड इंजिनला आवाज येतो", "कूलंट सारखं टाकावं लागतं" असं एखादं वाक्य जुन्या जॉब कार्डवर असेल आणि त्यावर "नॉर्मल आहे" म्हणून गाडी परत दिलेली असेल, तर तुमची बाजू एकदम भक्कम होते, कारण बिघाड वॉरंटीतच सुरू झाला होता आणि त्यांनी तो काढला नाही असं तुम्ही म्हणू शकता. म्हणूनच ज्यांची वॉरंटी अजून चालू आहे त्यांना कळकळीने सांगतो, तोंडी तक्रार करू नका, जॉब कार्डवर लिहूनच घ्या, अ‍ॅडव्हायझर कितीही म्हणू दे की "मी बघतो ना".

त्याच फाइलमध्ये गाडी घेतानाचं बिल बघा, काही वेळा एक्स्टेंडेड वॉरंटी डीलरने त्यातच लावलेली असते आणि मालकाला आठवतही नाही. चॅसिस नंबर टाकून तुमच्या गाडीला रिकॉल आहे का, म्हणजे एखाद्या दोषासाठी कंपनीने त्या गाड्या परत बोलावल्यात का, ते कंपनीच्या साइटवर तपासा. आणि इन्शुरन्स: साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत मेकॅनिकल ब्रेकडाउन बसत नाही. इंजिन प्रोटेक्टचं अ‍ॅड-ऑन असेल तर पाणी शिरून किंवा ऑइल गळून झालेलं नुकसान बसू शकतं, पण इन्शुरन्स कंपनीच्या सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्याने) बघायच्या आधी इंजिन खोललं तर क्लेम अडकतो.

आता वर्कशॉप. खोलायला परवानगी ईमेलने द्या, व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा तोंडी नको. त्यात लिहा की खोलताना मी हजर राहणार, फोटो-व्हिडिओ काढणार, जुने पार्ट माझ्याकडे राहतील, आणि इंजिन कशामुळे गेलं ते लेखी द्यावं. खोलायचा चार्ज किती आणि काम दुसरीकडे केलं तर तो लागणार का, हेही आधीच विचारा. "पिस्टन खराब झाला" हे कारण नाही, तो परिणाम आहे. ऑइल पंप गेला, की ऑइलची जाळी गाळाने चोंदली, की कूलंट गळून हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं, इथपर्यंत उत्तर मागा.

यानंतर गुडविल. वॉरंटी नुकतीच संपलेली असेल आणि सगळ्या सर्व्हिसिंग वेळेवर झालेल्या असतील तर कंपनी पार्टच्या खर्चाचा काही भाग किंवा पूर्ण खर्च उचलू शकते, मात्र तो त्यांचा निर्णय असतो आणि मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही. डीलरच्या हातात हे फारसं नसतं, म्हणून सर्व्हिस मॅनेजरला सांगा की कंपनीच्या एरिया मॅनेजरकडे केस पाठवा, आणि तुम्ही स्वतः कंपनीच्या कस्टमर केअरला तारखा, किलोमीटर, जॉब कार्ड जोडून मेल करा. मागणी नेमकी हवी, उदाहरणार्थ पार्ट तुमचे, लेबर माझं. पहिली ऑफर कमी आली तर कारण विचारून परत लिहा. आणि ऑफर घेताना "यापुढे काही दावा नाही" असं कशावर सही करतोय का ते वाचूनच पेन उचला.

नाहीच ऐकलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, मग नोटीस, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, वकील सक्तीचा नाही, आणि ५० लाखांपर्यंतच्या गाडीची केस जिल्हा आयोगातच चालते. फी फार नाही, पाच लाखांपर्यंत तर काहीच नाही. केस टाकायची मुदत दोन वर्षांची. पण अपेक्षा खरी ठेवा: नवी गाडी द्या अशी मागणी सहसा टिकत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये एका कारच्या केसमध्ये सांगितलं होतं की वॉरंटीची जबाबदारी सदोष भाग बदलून देण्याची आहे, गाडी बदलायची नाही. दुरुस्तीचा खर्च आणि नुकसानभरपाई मागा. मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट म्हणत असाल तर ऑटोमोबाइल इंजिनिअरचा रिपोर्ट लागतोच, नुसत्या तुमच्या म्हणण्यावर काही होत नाही. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांचं मार्गदर्शन जरूर घ्या. केस चालेपर्यंत गाडी वर्कशॉपमध्ये सडवू नका, पार्किंग चार्ज चढतो. रिपोर्ट आणि फोटो झाले की "हक्क राखून दुरुस्ती करतोय" असं लेखी कळवून काम करून घ्या.

काम स्वतःच्या खर्चाने बाहेर करायचं ठरलं तर दोन चांगल्या गॅरेजवाल्यांना तोच रिपोर्ट दाखवा. हेड वाकलंय तर फेसिंग करून (मशीनवर घासून सपाट करून) भागतं का, की हाफ इंजिनच (पिस्टन-क्रँकसकट खालचा भाग) करावं लागेल, हे त्यातून कळतं. कुर्ल्यासारख्या बाजारातून जुनं इंजिन घेणं स्वस्त पडतं, पण त्याचं बिल आणि ते ज्या गाडीतून काढलं तिचे कागद नसतील तर मी तरी हात लावणार नाही, कारण इंजिन नंबर आरसीवर असतो, तो बदलला की आरटीओत नोंद करावी लागते, कर्ज चालू असेल तर बँकेची एनओसी लागते, आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवावं लागतं.