मेंदूतील गुठळी यंत्राने काढताना: रुग्णाच्या घरच्यांसाठी मार्गदर्शन

मेंदूला रक्त पुरवणारी मोठी धमनी गुठळीने बंद झाली, तर ती गुठळी रक्तवाहिनीच्या आतूनच यंत्राने बाहेर काढता येते. या उपचाराला मेकॅनिकल थ्रॉम्बेक्टॉमी म्हणतात. यंत्र चालवणे हे तज्ज्ञांचे काम असले, तरी रुग्ण त्यांच्यापर्यंत वेळेत पोहोचतो की नाही, हे बरेचसे घरच्यांवर अवलंबून असते. म्हणून हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले, तर ताबडतोब रुग्णवाहिका बोलवावी. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला होता, ती वेळ लिहून ठेवावी. लक्षणे झोपेतून उठल्यावर दिसली असतील, तर जाग आल्याची नव्हे, तर झोपण्यापूर्वी तो ठीक असल्याची वेळ सांगावी, कारण डॉक्टरांचे पुढचे सारे गणित त्यावर बसते. तोंडाने काहीही देऊ नये, ॲस्पिरिनसुद्धा नाही. बाहेरून सारखीच दिसणारी लक्षणे मेंदूतील रक्तस्रावानेही येतात आणि तो फरक स्कॅनशिवाय कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिची पट्टी सोबत न्यावी आणि शेवटची मात्रा केव्हा घेतली, ते न विचारताच सांगावे.

रुग्णालयात साधा सीटी स्कॅन झाला की, 'सीटी अँजिओग्राफी (रक्तवाहिन्या दाखवणारा स्कॅन) केली का, मोठी धमनी बंद आहे का, आणि थ्रॉम्बेक्टॉमी इथे आत्ता होऊ शकते का,' असे स्पष्ट विचारावे. हा प्रश्न विचारण्यात संकोच मुळीच करू नये. ती सोय नसेल, तर रुग्णाला दुसरीकडे हलवण्याची तयारी त्याच क्षणी सुरू व्हावी. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत दिले जाते. पण मोठ्या धमनीतील लांब गुठळी त्याने बहुधा विरघळत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम पाहत थांबणे म्हणजे हातची वेळ घालवणे होय. स्कॅनची चित्रे सीडीवर सोबत घ्यावीत.

प्रत्यक्ष उपचारात जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून एक नळी मानेपर्यंत नेतात. तिच्यातून अतिशय बारीक नळी गुठळीच्या पलीकडे सरकवून निटिनॉल या निकेल-टायटॅनियम मिश्रधातूची दुमडलेली जाळी गुठळीच्या आतच उघडतात. ही जाळी म्हणजे स्टेंट रिट्रीव्हर. उघडताना तिच्या तारा गुठळीत रुततात. काही मिनिटे तशीच ठेवून मग जाळी गुठळीसह, नळीतून रक्त ओढून घेत, हळूहळू मागे खेचली जाते. कधी जाळी न वापरता रुंद नळी थेट गुठळीच्या तोंडाशी लावून पंपाने गुठळी शोषून घेतात, तर कधी दोन्ही पद्धती एकत्र वापरतात.

या प्रकारच्या पहिल्या यंत्राला, मर्सी रिट्रीव्हरला, अमेरिकेत 2004 साली परवानगी मिळाली. त्याची तार बुचाच्या मळसूत्रासारखी होती. जाळीची यंत्रे नंतर आली आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, रुग्णांवर केलेल्या पाच चाचण्यांनी त्यांचा फायदा निःसंशय दाखवला. 2018 च्या डॉन चाचणीनंतर, स्कॅनमध्ये मेंदूचा वाचवण्याजोगा भाग दिसणाऱ्या निवडक रुग्णांसाठी थ्रॉम्बेक्टॉमीची मुदत 24 तासांपर्यंत वाढली. तरीही घाई कमी करण्याचे काहीच कारण नाही, कारण मेंदूच्या पेशी मरणे तोवर थांबलेले नसते. दूरच्या बारीक शाखांतील गुठळ्यांसाठी मात्र 2025 मधील चाचण्यांत असा फायदा दिसला नाही, त्यामुळे डॉक्टरांनी यंत्र नको म्हटले, तर तो हलगर्जीपणा समजू नये.

संमतीपत्रावर सही करताना धोके विचारून घ्यावेत: मेंदूत रक्तस्राव होणे, रक्तवाहिनी फाटणे, गुठळीचा तुकडा सुटून दुसऱ्या शाखेत अडकणे. हे सर्व खरे धोके आहेत. पण मोठी धमनी बंदच राहिली, तर अपंगत्वाचा धोका बहुधा त्याहून मोठा असतो. म्हणून चर्चा काही मिनिटांत संपवावी.

उपचारानंतर जांघेतून नळी घातली असल्यास तो पाय काही तास सरळ ठेवावा लागतो. तेथे सूज किंवा रक्त दिसल्यास लगेच परिचारिकेला सांगावे. रक्तदाबावर सतत लक्ष ठेवले जाते. रुग्ण शुद्धीवर येऊन पाणी मागू लागला, तरी गिळण्याची तपासणी होईपर्यंत त्याला घोटभरही देऊ नये. ते पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.