सिनेमा खर्चाच्या मानाने चालला की पडला, हे कसं ठरवावं

आधी खर्च आणि कमाई हे दोन्ही आकडे एकाच चलनात वहीत उतरवा. दहा मिलियन म्हणजे एक कोटी, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. खर्चाचे दोन वेगळे आकडे दिसले, तर मोठा धरा.

आता खरं अवघड काम. ‘कमाई खर्चाच्या वर गेली की सिनेमा हिट’ हा सल्ला कुणीही दिला तरी मानू नका. मी कित्येक वर्षं असंच मोजत होतो. नोव्हेंबर 2017 मध्ये, इफ्फीच्याच (गोव्यात भरणारा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) दिवसांत, पणजीत ‘जस्टिस लीग’ हा कॉमिकवरचा हॉलिवूडपट पाहिला. पुढे आकडे आले: खर्च सुमारे 30 कोटी डॉलर, जगभरची कमाई सुमारे 66 कोटी. दुपटीहून जास्त! फोंड्यातल्या मित्रांना मी छातीठोकपणे सांगितलं, सिनेमा हिट आहे.

पुढच्या वर्षी इफ्फीच्या रांगेत एक वितरक, म्हणजे निर्मात्याचा सिनेमा थिएटरांपर्यंत पोचवणारे, भेटले. माझं बोलणं ऐकून त्यांनी पाकिटातलं जुनं तिकीट काढायला लावलं. 256 रुपयांचं होतं. ‘यातले 56 रुपये जीएसटीचे,’ ते म्हणाले. तेव्हा शंभरावरच्या तिकिटाला 28 टक्के होता, 2019 पासून 18 झाला. उरले 200. हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात 2009 च्या संपानंतर जे ठरलं, त्याप्रमाणे पहिल्या आठवड्यात यातले 50 टक्के वितरकाला, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5, चौथ्यात 30. म्हणजे माझ्या 256 रुपयांतले फार तर 100 पलीकडे पोचतात, आणि तेही मी पहिल्याच आठवड्यात गेलो तर. गावच्या उत्सवी नाटकाचा हिशेब मी स्वतः ठेवलाय. मंडप, लाइट, साउंड, मेकअपमन यांचे पैसे चुकते झाल्यावर पेटीत काय उरतं ते मला पाठ होतं. सिनेमाच्या बाबतीत तेवढा विचार केला नव्हता, याचं अजून वाईट वाटतं.

घरी येऊन पुन्हा मांडलं. जस्टिस लीगची अमेरिका-कॅनडातली कमाई सुमारे 22.9 कोटी डॉलर. तिथे ढोबळमानाने निम्मी स्टुडिओला, म्हणजे सिनेमा काढणाऱ्या कंपनीला मिळते, म्हणजे 11.5. चीनमध्ये सुमारे 10.6 कोटी, परदेशी स्टुडिओच्या हाती तिथे फक्त 25 टक्के लागतात, म्हणजे 2.6. बाकी जगातले 32 कोटींच्या आसपास. 40 टक्के धरा, 13. बेरीज 27 कोटी. खर्च 30. जाहिरातीचे पैसे तर अजून मोजलेलेच नाहीत! ‘अडीचपट कमावलं की सुटला’ हा ठोकताळा यातूनच आलाय, पण चीनचा वाटा मोठा असेल तिथे तो फसवतो. म्हणून प्रदेशवार मांडणी टाळू नका. या एका पायरीला आळस केलात, तर बाकीची मेहनत पाण्यात.

याच पद्धतीने ‘जोकर’ (2019) बघा. खर्च फार तर 7 कोटी डॉलर, कमाई 100 कोटींच्या वर, आणि चीनमध्ये तो लागलाच नव्हता. पुढचं गणित तुम्हीच करा. कॉमिकवरचा सिनेमा म्हणजे अवाढव्य खर्च हवाच, असं म्हणणाऱ्यांना मी हाच दाखवतो.

जुन्या सिनेमाला महागाई लावा. 1978 च्या ‘सुपरमॅन’चा खर्च 5.5 कोटी डॉलर होता. 2019 च्या हिशेबात तो 20 कोटींच्या पुढे जातो.

कॉमिकवरच्या सिनेमांसाठी वहीत आणखी एक रकाना ठेवा: खेळणी, टीशर्ट, दप्तरं. हा पैसा कुणाच्या घरात जातो ते पाहा. डिस्नेने 2009 मध्ये सुमारे 400 कोटी डॉलरना मार्व्हल ही कॉमिकवाली कंपनी घेण्याचा सौदा केला, तो काही फक्त तिकिटांसाठी नव्हे. मार्व्हलच्याच स्पायडरमॅनच्या सिनेमांचे हक्क सोनीकडे, पण म्हापशाच्या बाजारात शाळा सुरू होताना टांगलेल्या त्या लाल-निळ्या दप्तरांचा हक्क डिस्नेकडे. दोघांची वही वेगळी असते. हा रकाना तिकीटबारीच्या बेरजेत मिसळू नका, शेजारी लिहा.

निकाल चौथा आठवडा उलटल्यावर लिहा. तोवर पेन्सिल वापरा.