अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीत आउटडोअर प्रोग्रामचं करिअर करायचंय? मग सुरुवात इथून करा

कॉलेजभर सह्याद्री पालथा घातलाय, आता मास्टर्ससाठी अमेरिकेला चाललाय आणि मनात येतंय की डोंगराशी संबंधित नोकरीच मिळाली तर? मिळते. तिकडे युनिव्हर्सिटीत स्टुडंट अफेअर्स म्हणून मोठं डिपार्टमेंट असतं, होस्टेल, क्लब वगैरे बघणारं, आणि बऱ्याच ठिकाणी आउटडोअर प्रोग्राम, म्हणजे मुलांना ट्रेक-कॅम्पिंगला नेणारा विभाग, तोही त्याच्याच खाली येतो. हे फॅड नाहीये हां, डार्टमथ कॉलेजचा आउटिंग क्लब 1909 चा आहे आणि नव्या मुलांना लेक्चर सुरू व्हायच्या आधी ट्रिपला न्यायची पद्धत तिथे 1935 पासून आहे. घर सोडून आलेल्या पोराला पहिल्याच आठवड्यात चार ओळखीचे चेहरे मिळावेत हा त्यामागचा हेतू, आणि या नोकरीचा खरा गाभा तोच आहे, शिखरं नंतर.

पोचल्या पोचल्या कॅम्पसच्या रेंटल काउंटरवर पार्टटाइम कामाला अर्ज टाका. टेंट, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह द्यायचे, परत आले की तपासून, वाळवून ठेवायचे. काम किरकोळ वाटेल पण सगळा प्रोग्राम कसा चालतो ते तिथेच कळतं आणि ट्रिप लीडरचं ट्रेनिंगही बहुतेक वेळा याच ओळखीतून मिळतं. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं, त्यामुळे मुक्कामी ट्रिपचे तास कसे धरतात हे इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला आधीच विचारा, नंतर नाही. तिथलं ड्रायव्हिंग लायसन्सही लवकर काढा, कारण ट्रिप म्हणजे व्हॅन आणि व्हॅन म्हणजे ड्रायव्हर.

मग वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पॉन्डर कोर्स, म्हणजे डब्ल्यूएफआर, लोक त्याला 'वूफर' म्हणतात. साधारण 70 ते 80 तासांचा असतो, हॉस्पिटल लांब असताना जखमी माणसाला कसं सांभाळायचं ते शिकवतात. माझ्या मते पैसे आधी इथे घाला, भारी जॅकेट नंतर घेता येईल.

फुलटाइम पोस्टसाठी, विशेषतः वरच्या जागांना, मास्टर्स डिग्री बहुतेक ठिकाणी मागतात. हायर एज्युकेशन किंवा रिक्रिएशन विषय घेतला तर उत्तम, आणि सोबत ग्रॅज्युएट असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता युनिव्हर्सिटीतच पार्टटाइम काम, मिळाली तर फी पूर्ण किंवा थोडी माफ होते, वर स्टायपेंड. तिचा अर्ज अ‍ॅडमिशनच्या अर्जापेक्षा वेगळा असू शकतो, त्यामुळे तारखा नीट बघून ठेवा. जाहिराती एओआरई (आउटडोअर क्षेत्रातल्या लोकांची संघटना) आणि निर्सा (कॅम्पसवरचे खेळ आणि रिक्रिएशन बघणाऱ्यांची संघटना) या संस्थांच्या जॉब बोर्डवर येतात.

रेझ्युमेत नुसतं 'अलंग-मदन-कुलंग केला' लिहून उपयोग नाही, तिथल्या कुणाला काय कळणार! ग्रुप किती जणांचा होता, नवखे किती, पाणी-जेवणाचं प्लॅनिंग कोणी केलं, पाऊस वाढल्यावर परत फिरायचा निर्णय कसा घेतला, हे लिहा. आपल्याकडे ट्रेक लीड करणारी पोरं हे सगळं करतातच, फक्त कागदावर आणत नाहीत.

पुढची वाट साधारण अशी, कोऑर्डिनेटर, असिस्टंट डायरेक्टर, डायरेक्टर, आणि काही जण तिथून डीन ऑफ स्टुडंट्सपर्यंतही जातात. जितकं वर जाल तितका डोंगर कमी आणि बजेट, वेव्हर फॉर्म (ट्रिपचा धोका मान्य आहे अशी सही घ्यायचे), अपघाताचे रिपोर्ट, पालकांचे फोन जास्त. ज्याला विद्यार्थ्याला लीडर होताना बघण्यात आनंद वाटतो तोच यात टिकतो, ज्याला स्वतःलाच पुढे चढायचंय त्याने गाइड व्हावं, तेही चांगलंच काम आहे. पगार आयटीसारखा नसतो, डोक्यावर लोन असेल तर हिशोब आधी मांडा.

आणि व्हिसाचं. हे विषय सहसा स्टेममध्ये (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) धरत नाहीत, त्यामुळे ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, 12 महिनेच. पण युनिव्हर्सिटीतल्या नोकरीला एच-1बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीची अट लागत नाही, ही मोठी जमेची बाजू. मात्र स्पॉन्सर करायचं की नाही हे प्रत्येक युनिव्हर्सिटी आपापलं ठरवते आणि नियमही बदलत राहतात, म्हणून ऑफर स्वीकारायच्या आधी एचआरकडून लेखी उत्तर घ्या.