नेटवर्कची अडचण शोधताना या चुका टाळा

पिंगला (समोरचा संगणक उत्तर देतो का हे पाहणाऱ्या चाचणी-संदेशाला) उत्तर आले म्हणजे नेटवर्क ठीक आहे, हा निष्कर्ष सर्वांत जास्त दिशाभूल करतो. पिंगचे पॅकेट (नेटवर्कवरून एका वेळी जाणारा डेटाचा गठ्ठा) मुळात छोटे असते. विंडोजवर त्यात जेमतेम ३२ बाइटचा मजकूर जातो. प्रत्यक्ष डेटा मात्र इथरनेटवर सहसा १५०० बाइटपर्यंतच्या पॅकेटांतून प्रवास करतो. व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खासगी, सुरक्षित जोडणी) वापरताना प्रत्येक पॅकेटवर आणखी एक हेडर (पत्ता वगैरे माहितीचा भाग) चढते आणि मूळ डेटासाठी जागा कमी उरते. वाटेतल्या राउटरला पॅकेट मोठे पडले आणि त्याचे तुकडे करण्यास मनाई असली, तर तो ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला आयसीएमपी संदेशाने (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणाऱ्या संदेशाने; पिंगही याच प्रकारचे) तसे कळवतो. सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर सरसकट सगळे आयसीएमपी बंद केलेले असेल, तर हा निरोप पोहोचतच नाही आणि तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवले जाते. लॉगिन होते, छोटी पाने उघडतात, पण फाइल अपलोड करायला घेतली की सारे थिजते, अशी तक्रार आली की आधी इकडेच पाहावे. तुकडे न करण्याचा पर्याय लावून १४७२ बाइटचे पिंग पाठवावे (आयपी आणि आयसीएमपीच्या हेडरचे २८ बाइट धरून ते १५०० होते) आणि ते जात नसेल तर आकार उतरवत न्यावा. जो आकार पार होतो, त्यात २८ मिळवून येणारा आकडा व्हीपीएनचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ठरवताना कमाल मर्यादा म्हणून धरावा; व्हीपीएन सुरू ठेवून चाचणी केली असेल, तर तोच आकडा एमटीयू म्हणून चालतो.

ट्रेसराउटमध्ये (वाटेतले राउटर एकेका ओळीत दाखवणाऱ्या चाचणीत) मधल्याच एखाद्या ओळीत उत्तर न आल्याची तारांकने (*) दिसली म्हणून त्या राउटरला दोष देणे ही दुसरी चूक. राउटरचे मुख्य काम पॅकेट पुढे ढकलण्याचे असते. स्वतः उत्तर देणे तो मागे ठेवतो किंवा टाळतोही. त्यापुढचे टप्पे नीट उत्तर देत असतील, तर त्या तारांकनांकडे दुर्लक्ष करावे. एखाद्या टप्प्यापासून शेवटपर्यंत पॅकेटांची गळती दिसत राहिली, तरच संशय घ्यावा, आणि तेव्हाही परतीची वाट वेगळी असू शकते हे ध्यानात ठेवावे.

आयपी पत्त्याने जोडणी होते पण नावाने होत नाही, तेव्हा केबल तपासत बसू नये. दोष बहुधा डीएनएसमध्ये (नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या व्यवस्थेत) असतो. संगणकाला १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता मिळाला असेल, तर बहुधा डीएचसीपीकडून (संगणकांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) उत्तरच आलेले नाही.

बँडविड्थ (लाइनवरून सेकंदाला किती डेटा जाऊ शकतो ती क्षमता) वाढवली की विलंब कमी होईल, ही अपेक्षाही बहुतेकदा फोल ठरते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे १०,००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला किमान १०० मिलिसेकंद लागणारच, मग प्लॅन कितीही मोठा असो. अपवाद एकच: स्वतःची लाइन तुडुंब भरली असेल, तर राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि विलंब कित्येक पटींनी वाढतो. म्हणून मोजणी दोनदा करावी, एकदा लाइन रिकामी असताना आणि एकदा मोठे अपलोड चालू असताना. दोन्हींत मोठा फरक आढळला, तर अपलोडची मर्यादा लाइनच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवल्याने जो फायदा होतो, तो बऱ्याचदा महागड्या प्लॅननेही होत नाही.