इंग्लंडमधील घरखरेदी : सॉलिसिटरकडील कामकाजात या चुका टाळा

महाराष्ट्रात एकदा घर घेतलेल्या माणसाच्या मनात व्यवहाराचा क्रम पक्का बसलेला असतो : टोकन, करारनामा, मुद्रांक शुल्क, दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी आणि मग ताबा. इंग्लंड आणि वेल्समध्ये हा क्रम लागू पडत नाही. विक्रेत्याने तुमची ऑफर स्वीकारली, एजंटाने अभिनंदन केले आणि घरासमोर ‘सोल्ड, सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट’ (विकले, पण करार होण्याच्या अटीवर) अशी पाटी लागली, तरी कायद्याच्या दृष्टीने तोवर काहीही घडलेले नसते. १९८९ च्या कायद्यानुसार घर-जमिनीच्या विक्रीचा करार लेखी, सर्व अटींसह आणि दोन्ही पक्षांच्या सह्यांचा असावा लागतो. दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर, म्हणजे व्यवहाराचे कायदेशीर काम पाहणारे वकील, ज्या क्षणी सह्या झालेल्या या करारांची देवाणघेवाण (‘एक्स्चेंज’) करतात, त्या क्षणी तुम्ही बांधले जाता. त्याआधी विक्रेता जास्त किंमत देणाऱ्याकडे वळला तरी त्याला अडवता येत नाही, आणि तुम्हालाही भरपाई न देता मागे फिरता येते. एक्स्चेंजनंतर माघार घेतल्यास मात्र अनामत रक्कम, म्हणजे साधारणपणे किमतीच्या १० टक्के, गमवावी लागते, आणि विक्रेत्याचे नुकसान त्याहून अधिक झाले तर तो त्याचीही मागणी करू शकतो. त्यामुळे चालू भाड्याच्या घराची नोटीस एक्स्चेंजपूर्वी देऊ नये.

सॉलिसिटरला जे सांगायचे आणि त्याला जे विचारायचे, त्याची मुदत एक्स्चेंजपर्यंतच असते. बहुतेक चुकांचे मूळ ही मुदत न ओळखण्यात आहे.

भारतातील घर न सांगणे

मराठी खरेदीदारांना सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. सॉलिसिटरच्या सुरुवातीच्या प्रश्नावलीत ‘तुमच्या मालकीचे दुसरे घर आहे का?’ असा प्रश्न असतो आणि तो ब्रिटनपुरता आहे असे समजून अनेकजण ‘नाही’ असे उत्तर देतात. प्रत्यक्षात स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्सच्या, म्हणजे घरखरेदीवरील कराच्या, नियमांत जगातील कोठलेही घर धरले जाते. पहिल्यांदा घर घेणाऱ्याची सवलत हवी असेल, तर पूर्वी कोठेही, वारसाहक्कानेसुद्धा, घराची मालकी मिळालेली नसावी लागते, आणि दोघे मिळून घेत असतील तर ही अट दोघांनाही लागू होते. पुण्यात लग्नाआधी घेतलेला वन बीएचके नंतर विकून टाकला असला, तरी ती सवलत गेलेली असते.

तो फ्लॅट अजून नावावर असेल, तर गोष्ट सवलत जाण्यावर थांबत नाही. ४० हजार पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे दुसरे घर असल्यास ३१ ऑक्टोबर २०२४ पासून संपूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. मुख्य राहते घर बदलणाऱ्याला यातून सूट असली, तरी आजवर भाड्याने राहत असलेल्या आणि पुण्याचा फ्लॅट तसाच ठेवणाऱ्या कुटुंबाला तिचा सहसा उपयोग होत नाही. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी चार लाख पौंडांच्या घराचा हिशेब मांडून पाहावा. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ५ हजार पौंड कर पडतो, सवलत नसलेल्याला १० हजार, आणि अधिभार लागू झालेल्याला ३० हजार. केवळ पत्नीच्या नावावर खरेदी करून हा अधिभार टळत नाही, कारण एकत्र राहणाऱ्या पती-पत्नींपैकी एकाचे घर दुसऱ्यालाही मोजले जाते. वाडवडिलांच्या घरातील हिश्श्याचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वारसाने मिळालेला हिस्सा ५० टक्क्यांपर्यंत असेल तर अधिभारासाठी तो तीन वर्षे धरला जात नाही. पण वाटण्या न झालेल्या, सात-बारावर चार भावंडांची नावे असलेल्या मिळकतीत आपला हिस्सा नेमका किती आणि तो केव्हापासून, हे कागदोपत्री दाखवावे लागते. अनेक सॉलिसिटर आपल्या नेमणूकपत्रातच ‘आम्ही करविषयक सल्ला देत नाही’ असे लिहितात. ते वाक्य शोधावे आणि आढळल्यास स्वतंत्र कर सल्लागार गाठावा. विवरणपत्र आणि कर ताबा मिळाल्यापासून १४ दिवसांत भरायचे असतात, आणि त्यातील माहितीची जबाबदारी तुमची असते. (वेल्समध्ये हा कर वेगळा असून तेथे पहिल्या घराची सवलतच नाही.)

पैशाचा माग अर्धवट ठेवणे

‘पैसे माझ्याच खात्यात आहेत, मग पुरावा कशाला?’ हा प्रश्न अनेकजण चिडून विचारतात. मनी लाँडरिंगविरोधी २०१७ च्या नियमांमुळे पैसा कोठून उगवला हे तपासणे सॉलिसिटरला बंधनकारक आहे, आणि समाधान झाल्याशिवाय तो पुढे जाणार नाही. आई-वडिलांनी पाठवलेल्या रकमेसाठी त्यांचे ओळखपत्र, त्यांच्या खात्याचे उतारे आणि ही रक्कम भेट असून घरावर आपला कोणताही हक्क राहणार नाही असे पत्र मागितले जाते. ते पैसे पुढे परत करायचे ठरले असतील, तर त्यांना भेट म्हणणे हे कर्ज देणाऱ्या बँकेची दिशाभूल करणे आहे. तसे कदापि लिहून देऊ नये.

भारतातून निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि ठराविक मर्यादेपुढे बँक टीसीएस (आगाऊ गोळा केला जाणारा कर) कापते, म्हणून हे काम ऑफर स्वीकारली जाण्यापूर्वीच सुरू करावे. ठाण्याची सदनिका विकून पैसे आणले असतील, तर खरेदीखत, इंडेक्स टू, खात्यात रक्कम जमा झाल्याची नोंद आणि ती पाठवल्याची पावती अशी सलग साखळी द्यावी, आणि मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून घ्यावे. चार नातेवाइकांच्या खात्यांतून तुकड्यातुकड्यांनी आलेली रक्कम प्रामाणिक असली तरी तिचा खुलासा करण्यात आठवडे जातात.

कागद तपासले म्हणजे घर तपासले असे समजणे

सॉलिसिटर घर पाहायला येत नाही. तो लँड रजिस्ट्रीची (मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाची) नोंद, नकाशा, स्थानिक कौन्सिल, पाणी-सांडपाणी आणि पर्यावरणविषयक शोध (म्हणजे त्या त्या नोंदींची तपासणी), तसेच विक्रेत्याने भरलेली माहितीपत्रके वाचतो. बँकेचे मूल्यांकन बँकेसाठी असते. छतातील गळती दाखवणारा सर्व्हे तुम्हालाच करून घ्यावा लागतो. शिवाय कौन्सिलचा शोध तुमच्या घरापुरता असतो. शेजारच्या मोकळ्या जागेवर चार मजले उठणार असतील, तर ते त्यात दिसेलच असे नाही, म्हणून कौन्सिलच्या संकेतस्थळावर आसपासचे नियोजन अर्ज स्वतः पाहावेत.

पोटमाळ्यावर काढलेली खोली हे नेहमीचे उदाहरण. एजंट तिला तिसरी बेडरूम म्हणतो, पण बांधकाम नियमांनुसार काम पूर्ण झाल्याचा दाखला सापडत नाही. अशा वेळी विक्रेता इन्डेम्निटी विमा देऊ करतो. हा विमा कौन्सिलच्या कारवाईपासून संरक्षण देतो, जिना आणि तुळया सुरक्षित असल्याची हमी देत नाही. आणखी एक गोष्ट : याबाबत चौकशीसाठी आपण होऊन कौन्सिलला फोन केला, तर असा विमा बहुधा मिळतच नाही, म्हणून आधी सॉलिसिटरशी बोलावे.

फ्लॅट असेल तर लीजची (दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची) उरलेली वर्षे, ग्राउंड रेंट (जमिनीचे भाडे), सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) आणि येऊ घातलेल्या मोठ्या दुरुस्त्या यांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत एक्स्चेंज करू नये. लीज ८० वर्षांच्या जवळ आलेली असेल, तर ती वाढवण्याचा खर्च किमतीच्या बोलणीतच काढावा.

सह्या, नावे आणि शेवटचे दिवस

पती-पत्नी ‘जॉइंट टेनंट्स’ (वेगळे हिस्से नसलेले सहमालक; येथे ‘टेनंट’ म्हणजे भाडेकरू नव्हे) म्हणून मालक झाले, तर एकाच्या पश्चात मृत्युपत्र काहीही म्हणत असले तरी सगळे घर दुसऱ्याचे होते. एकाच्या माहेरच्या किंवा आई-वडिलांच्या पैशाचा वाटा मोठा असेल, तर ‘टेनंट्स इन कॉमन’ (वेगवेगळे हिस्से असलेले सहमालक) राहून हिस्से लिहून ठेवता येतात. हा प्रश्न सॉलिसिटर एका ओळीत विचारतो आणि घाईत त्यावर खूण केली जाते.

विमा ताब्यापासून नव्हे, एक्स्चेंजपासून सुरू करावा, कारण विक्रीच्या करारात वापरल्या जाणाऱ्या प्रचलित प्रमाण अटींनुसार घराची जोखीम त्याच दिवशी तुमच्याकडे येते. अनामत भरण्याच्या सुमारास ‘आमचे बँक खाते बदलले आहे’ असा ईमेल आला, तर तो फसवणुकीचा समजून आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करावी.

नावाकडेही लक्ष द्यावे. पासपोर्टवर मध्ये वडिलांचे किंवा पतीचे नाव, बँकेत फक्त आडनाव आणि लग्नापूर्वीचे नाव पदवीच्या कागदांवर, अशी स्थिती आपल्याकडे सर्रास असते. कर्जाचे पत्र आणि हस्तांतरणाचा दस्त यांत ते एकसारखेच यावे. नोंदणी पूर्ण झाल्यावर लँड रजिस्ट्रीकडे पत्रव्यवहाराचे तीनपर्यंत पत्ते देता येतात, त्यांत ईमेलचाही समावेश होतो. घर भाड्याने देऊन काही वर्षे भारतात राहणार असाल, तर हे पत्ते अद्ययावत ठेवावेत आणि त्याच कार्यालयाची ‘प्रॉपर्टी अलर्ट’ ही मोफत सूचनासेवा सुरू करावी.